भोरीचा रतीब

"बाई, हे बघा," असं म्हणत म्हातारीनं माझ्या टेबलावर वाटी ठेवली आणि तिरकी केली. वाटीतलं दूध टेबलावर पसरलं आणि ओघळून माझ्या मांडीवर आलं.

मी दचकून उभी राहिले. म्हातारीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"काल सांजच्याला विरजण घातलंय. आतापतोर कसं घट्ट व्हायला पायजे. चार-पाच रोज झालं, हेच चाललंय. आता तुम्हीच सांगा, माझ्या हातात खोट हाय का दुधात?"

"दूध कुठलं?"

"माझ्या भोरीचं. दुसरी म्हस हाय कुठं मला?"

"भोरीला काही औषध दिलंय का? इंजेक्शन वगैरे?"

म्हातारी पदराच्या टोकानं टेबल पुसायला लागली. टेबल चांगलं कोरडं झाल्यावर म्हणाली, "नामू येऊन गेला. कास सुजली हुती. टोचून गेला."

"एकदाच?"

"ह्या खेपंला दोनदा. त्याच्या आधी दिवाळीत. त्याच्या आधी... आता किती म्हणून सांगू? सुजती, टोचतो, उतरती."

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. जनावरांची डॉक्टर म्हणून माझी ती पहिलीच नेमणूक. मी वाशिमकडची, आणि गाव भुदरगडच्या डोंगरातलं. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिथे मी एकटी राहायचे. शिपायाची जागा रिकामी होती, त्यामुळे दवाखान्यातही एकटीच. गावानं पहिल्या महिन्यातच माझी परीक्षा घेतली आणि मला नापास करून टाकलं. रेडकू हगलं, इंजेक्शन द्या. गाईनं वैरण कमी खाल्ली, इंजेक्शन द्या. मी आधी जनावर तपासायचे, शेणाचा नमुना मागायचे आणि पुष्कळदा म्हणायचे, याला इंजेक्शन नको, दोन दिवस बघू. झालं. सरकारनं टोचता न येणारी डॉक्टरीण पाठवली, अशी बातमी साऱ्या वाड्यावस्त्यांवर गेली. लोक पुन्हा नामू कंपाऊंडरकडे वळले. नामू एके काळी कुठल्याशा दवाखान्यात पुड्या बांधायचा. आता मोटारसायकलला पिशवी अडकवून फिरायचा. माणूस असो की म्हैस, त्याची पिशवी एकच होती.

दिवसदिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही. इतकं, की एखाद्या दिवशी संध्याकाळी दुकानात काडेपेटी मागताना माझा घसा बसलेला असायचा आणि मलाच माझा आवाज परका वाटायचा. नेमानं माझ्या दारावरून जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गौराक्काची किटली. हीच ती म्हातारी. तेव्हा मला तिचं नाव तेवढं माहीत होतं. सकाळी ती रतीब घालायला वरच्या गल्लीत जायची. जाताना किटली भरलेली, म्हणून गप्प. येताना रिकामी, मग आतलं माप पावलागणिक पत्र्यावर आपटून ठणठण करायचं. त्या आवाजाला मी उठायचे आणि चहा टाकायचे. कोराच. एकटीसाठी दूध कशाला, म्हणून कोऱ्या चहाची सवय मी लावून घेतली होती.

"आक्का, तुमच्या हातात काही खोट नाही," मी म्हणाले. "विरजण म्हणजे जंतूच असतात, चांगले जंतू. नामूनं टोचलेलं औषध दुधात उतरलंय. ते कासेतले जंतू मारतं, तसं विरजणाचेही मारतं."

"म्हंजे माझं विरजण मेलं?"

"हो."

तिनं वाटीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. "वरल्या गल्लीतली रेश्मा म्हणती, आक्का, दुधात काय तरी घालतासा. मास्तरणीच्या घरात पण तेच. आता जाऊन सांगतो सगळ्यास्नी." तिकडच्या बायका स्वतःबद्दल येतो-जातो असं पुरुषासारखं बोलतात. मला ते तेव्हा नवं होतं आणि ऐकायला आवडायचं.

"आधी म्हैस दाखवा," मी म्हणाले.

भोरी जातीची गरीब होती. भुरकट केसांची, म्हणून भोरी. मी कासेला हात लावला तशी ती अंग चोरून उभी राहिली. मागचा एक सड दगडासारखा कडक होता आणि पिळल्यावर त्यातून पाण्यासारखं दूध आणि गाठी आल्या. सूज उतरली म्हणजे आजार गेला, असं नामूचं गणित होतं. आजार तिथेच दबा धरून बसायचा आणि दर खेपेला जरा जास्त निर्ढावून वर यायचा. मी त्या सडातलं थोडं दूध उकळून घेतलेल्या बाटलीत काढलं. कुठलं औषध चालेल हे बघायला ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं.

"औषध मी देईन," मी म्हणाले. "पण कोर्स पूर्ण करायचा. सूज उतरली तरी मधे थांबायचं नाही. आणि आजपासून भोरीचं दूध कुणाला घालायचं नाही. कोर्स संपल्यावरही मी सांगेपर्यंत नाही."

"घालायचं न्हाई? मग रतीब?"

"रतीब बंद."

"बाई, रतीब कधी बंद करत्यात व्हय? ह्यांच्या धाव्याच्या दिवसालासुदिक मी शेजारणीच्या हातनं दूध पोचवलंय. दोन रोज खाडा झाला की लोक पिशवीचं दूध लावत्यात. एकदा पिशवी लागली की म्हातारीला कोण इचारतंय?" तिचा आवाज चढला. "आणि दूध करू काय? दूध संस्थेत घालू?"

"तिथेही नाही. खड्डा करून ओतायचं आणि वर माती टाकायची."

"दूध? मातीत?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मीच काही अभद्र बोलले असावे. बोलले होतेच. ज्या घरात सांडलेल्या दुधावर कुणी पाय देत नाही, त्या घरात उभी राहून मी हे सांगत होते.

"समदं गाव घालतंय की संस्थेत. टोचलं तरी घालतंय. टाकीत कुठं कळतंय? तुम्ही एकट्या काय गाव सुधरायला आलाय?"

मला राग आला. पाच महिन्यांत माझ्याशी इतकं बोललेलं ते पहिलंच माणूस, आणि तेही भांडत होतं. पण मी समजुतीनं घेतलं. "आक्का, हे औषध असं थोडं थोडं, नकळत पोटात जात राहिलं, की जंतूंना त्याची सवय होते. मग खरंच जीवावर बेततं तेव्हा तेच औषध द्यायला जावं, तर लागू पडत नाही. वरच्या गल्लीत पोरंबाळं आहेत. ती हेच दूध पितात."

गौराक्का काहीतरी बोलणार होती, ती थांबली. भोरीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग एकदम वळून घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी अंगणात थोडा वेळ वाट बघितली. चहा नाही, या नाही, बसा नाही. गेली ही पण, असं मनाशी म्हणत मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली वाजली नाही. मी अंथरुणात पडून ऐकत होते. उन्हं खिडकीत आली तरी ठणठण नाही. मग मीच उठून तिच्याकडे गेले. गोठ्यामागे ताजी माती ओढलेला खड्डा होता, आणि त्या मातीवर झेंडूची दोन फुलं आणि हळदीकुंकू वाहिलेलं होतं. गौराक्का भोरीपुढे वैरण टाकत होती. तिनं मागे वळून बघितलं नाही.

"ओतलं," ती म्हणाली. "माफी मागून ओतलं. पाप तुमच्या डोक्यावर."

"असू दे माझ्या डोक्यावर," मी म्हणाले.

नमुन्याचा निकाल फोनवर कळला. नामू जे टोचत आला होता, त्यानं त्या जंतूंचं काहीच वाकडं होत नव्हतं. दुसरंही एक औषध गेल्यात जमा होतं. एक तेवढं चालत होतं. ते सुरू केलं आणि मी रोज सकाळी तिच्याकडे जायला लागले. आधी ती कामापुरतं बोलायची. मग एक दिवस न विचारता कोऱ्या चहाचा कप पुढे आला. मग तिनं मला वरच्या गल्लीतली घरं सांगितली. मी विचारली नव्हती, तरी सांगितली.

तिची आठ घरं होती. मास्तरांचं, पोस्टातल्याचं, शिवणकामवाल्या रेश्माचं, अशी म्हशी न पाळणाऱ्यांची. सकाळी प्रत्येक उंबऱ्यावर पातेलं ठेवलेलं असायचं, वर ताटली झाकून. गौराक्का पातेल्यावरून घरचं वर्तमान ओळखायची. मोठं पातेलं ठेवलेलं असलं, की पाहुणे आलेत. पातेलं न घासलेलं, म्हणजे सून माहेरी गेली. मास्तरीण दार उघडून दुखणी सांगायची, रेश्मा आपल्या नवऱ्याबद्दल कुरकुर करायची, तिची लहानगी हातात फुलपात्र धरून पुढे यायची. प्रत्येक पायरीवर जरा बसायचं, जरा बोलायचं. असं करत घरी यायला तिला उन्हं चढायची. आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिच्याशी बोलायला भोरीखेरीज कुणी नव्हतं. एक मुलगी होती, ती बेळगावपलीकडे दिलेली. पोटापुरतं भात पिकत होतं. तिला दुधाचे पैसे बुडाले याचं दुःख नव्हतं. आठ दारं सुटत होती.

"मास्तरणीनं पिशवी लावली," एका सकाळी ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी म्हणाली, "पोस्टातल्यानं पण." कोर्स निम्म्यावर आला होता आणि सूज पार उतरली होती. तिनं मला एकदाच विचारलं, "आता सूज न्हाई. मग?"

"सूज नाही, पण कोर्स पूर्ण व्हायचाय."

सुई टोचताना नेहमीसारखं भोरीचं शिंग धरून उभी राहिली.

एकदा मी गेले तर अंगणात नामूची मोटारसायकल. तो ओट्यावर बसून चहा पीत होता. मी मनात तोफा भरून पुढे झाले, पण तो मला बघताच उठून उभा राहिला आणि कप हातात तसाच.

"म्याडम, रागावू नका. आक्काची म्हस कशी हाय ते बघाय आलो."

"नामूदादा, एक सुई देऊन सोडून देता. मधेच. दर वेळी तीच. त्यामुळे आता ते औषध या म्हशीवर चालतच नाही, माहीत आहे का?"

"असंल," तो म्हणाला. "शिकलेल्या हाईसा, खरंच असंल. पण माझं ऐका. मी गेलो आणि न्हाई टोचलं, तर लोक म्हणत्यात, मग हा आला कशाला? दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा बोलवत न्हाईत. तुम्हाला कोण बोलवतंय का?"

त्यानं हे खोडसाळपणे म्हटलं नव्हतं. बोलावणं न येणं काय असतं, ते मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नामूनं उरलेला चहा पिऊन टाकला, कप विसळून पालथा घातला आणि गौराक्काला म्हणाला, "येतो आक्का." तिनं मान हलवली. तिचा त्याच्यावर राग नव्हता, हे मला विचित्र वाटलं.

कोर्स संपला. आता फक्त वाट बघायची होती, औषध दुधातून पूर्ण जाईपर्यंत. गौराक्का रोज संध्याकाळी एका वाटीत भोरीचं दूध घेऊन त्यात शेजारणीकडचं विरजण घालायची आणि सकाळी वाटी तिरकी करून बघायची. मी तिला सांगितलं होतं, की दही लागलं म्हणजे सगळं झालं असं नाही. वाटीचंही ऐकायचं आणि माझंही. वाटी रोज खड्ड्यात जात होती.

आणि एक दिवस दूध संस्थेचे सेक्रेटरी चौगुले माझ्याकडे आले. दवाखान्यात ते पहिल्यांदाच येत होते आणि चेहऱ्यावरून बरेच खुशीत होते.

"इंगोले म्याडम, तुम्ही म्हणे म्हातारीचं दूध बंद केलंय. मातीत ओताय लावताय."

"हो."

"मग सकाळच्या पारी किटली भरून वरल्या गल्लीत कशाला जाती? मी डोळ्यानं बघितलं. एका अंगाला कलली हुती, एवढी जड किटली. आम्हाला कायदं सांगतासा, आणि तुमचीच म्हातारी घरोघर औषधाचं दूध पाजत फिरतीया." ते हसले आणि टोपी सारखी करून निघून गेले.

मी खुर्चीत बसून राहिले. ती जाताना गप्प जाते, हे खरं. पण येताना? रिकामी किटली वाजत येते, आणि मला इतक्या दिवसांत ठणठण ऐकू आली नव्हती. मला काही समजेना. एवढं समजत होतं, की तिनं मला फसवलं असेल तर या गावात मला दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या सकाळी मी शाल गुंडाळून वरच्या गल्लीत गेले. धुकं होतं. मास्तरांच्या उंबऱ्यावर पातेलं नव्हतं. खिळ्याला कापडी पिशवी लटकत होती. पोस्टातल्याच्या दारात तेच. पुढे रेश्माच्या पायरीवर गौराक्का बसली होती. शेजारी किटली, झाकण घट्ट लावलेलं. दार बंद होतं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता.

मला बघून ती गडबडली. पदर सारखा केला. "हिकडं कुठं?"

"तुम्ही इकडे कुठं, आक्का?"

"बसलोय. कुणी पिशवी लावायचं ऱ्हायलंय का म्हणून... रेश्माची लेक उठली का बघावं म्हटलं. मघाशी हाक मारली. कामात असंल रेश्मा."

मी किटलीकडे बघत होते. तिच्या ते लक्षात आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला काय ते कळलं.

"चौगुल्यानं सांगितलं व्हय?" ती म्हणाली. "उघडा. बघा."

"नको."

"उघडा म्हणतो न्हवं."

मी हात पुढे केला नाही. मग तिनंच झाकण काढलं आणि किटली माझ्याकडे कलती केली. आत काठोकाठ पाणी होतं. विहिरीचं साधं पाणी, आणि त्यात बुडालेलं माप.



"रिकामी किटली वाजती, बाई," गौराक्का म्हणाली. "पावलागणीस ठणठण करती. म्हातारी रिकामी फिरतीया, हे अख्ख्या गल्लीला कशापाय कळवू? भरली की गप बसती. लोकास्नी वाटतंय, कुणाचं तरी दूध चाललंय. कुणाच्या तरी घरला म्हातारी अजून लागती."

"मग घरी का नाही थांबत? थंडी किती आहे."

"घरात कोण हाय?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. दगड गार होता. आतलं शिवणयंत्र थांबलं, परत सुरू झालं. दार काही उघडलं नाही.

"आक्का, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी माझ्यावर एवढ्या चिडला होता. सारं गाव घालतं म्हणत होता. मग दुसऱ्या दिवशी ओतलंत कसं? मी सांगितलं म्हणून?"

"तुमच्या सांगण्यानं न्हवं." तिनं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "आमच्या ह्यांस्नी जरा काय झालं की नामू. खोकला, नामू. अंग दुखलं, नामू. येणार, टोचणार, दोन गोळ्या देणार. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फळीवर. परत काय झालं की फळीवरच्या दोन. मग एकदा उसाचं धसकट पायात घुसलं. एवढुसं. पाय काळा पडाय लागला तवा कोल्हापूरला नेलं, मोठ्या दवाखान्यात. तितं चांगलं बघितलं, खोटं कशाला बोलू. पू तपासला. ह्या बाटल्या, त्या बाटल्या. एक तरुण डाक्टर हुता, तुमच्या वयाचा. मी म्हटलं, म्हागातलं द्या, मी पाटल्या मोडतो. तर म्हणाला, आजी, ह्यांच्यावर चालंल असं औषधच ऱ्हायलं न्हाई. कपाट माझ्या डोळ्यापुढं हुतं, बाई. औषधानं भरल्यालं."

तिनं झाकण पुन्हा दाबून बघितलं. "म्हणाला, सवय झाली. तुम्ही गोठ्यात त्योच शब्द बोललासा. अंगाला सवय झाली म्हणं."

"अंगाला नाही आक्का, जंतूंना."

"कुणाला का हुईना. गेले ते हेच गेले." मग ती हळूच म्हणाली, "नामूनं काय ईख दिलं नव्हतं. हाक मारली की यायचा. लई रडला त्या दिवशी. त्याला तरी कुणी सांगितलं हुतं?"

धुकं विरत होतं. तिनं किटली उचलली, गल्लीच्या टोकाला जाऊन पाणी एका पेरूच्या झाडाला घातलं, आणि किटली पोटाशी धरून, वाजू न देता, माझ्याबरोबर खाली आली.

त्यानंतर काही दिवसांनी, मी नुकतीच दवाखाना उघडून बसले होते, तर गौराक्का तरातरा आत आली. टेबलावर वाटी ठेवली आणि तिरकी केली. मी खुर्ची मागे सारली. काही सांडलं नाही. तिनं वाटी आणखी कलती केली. दही जागचं हललं नाही.

"लागलं," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा. दिवस भरलं का?"

मी कालच हिशेब बघितला होता. "भरले. दही कालच लागलं असतं तरी मी आजच हो म्हटलं असतं. आज हो."

तिनं चेहरा पदरात धरला. मग हसली. पुढचे दोन दात नव्हते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "किटली भरून ठेवलीया," ती म्हणाली. "आता जातो." वाटी पदराखाली धरून ती आली तशी तरातरा गेली, आणि थोड्याच वेळात किटली घेऊन दारावरून वर गेली. भरलेली, म्हणून गप्प.

दवाखान्यात कुणी नव्हतं. मी दारात उभी राहिले. मास्तरीण तरी घेईल, मी मनाशी म्हणत होते. रेश्मा घेईलच, तिची पोर गौराक्काच्या दुधावर वाढलेली. ठणठण ऐकायला माझे कान वरच्या गल्लीकडे लागले होते. एवढी वाट मी कधी माझ्या घरच्या पत्राचीही बघितली नसेल.

उन्हं चढली. गल्लीच्या वळणावर गौराक्का दिसली. ती हळूहळू उतरत होती, एका अंगाला कललेली. मी कान देऊन ऐकलं. पाऊल पडत होतं, किटली हलत होती, आणि आवाज नव्हता.

मी आत धावले. माझ्याकडे एकच पातेलं होतं, चहाचं. ते मी उंबऱ्यावर ठेवलं आणि वर ताटली झाकली. मग वाटलं, एवढ्यानं काय होणार. कुकर आणला. पाण्याची कळशी रिकामी करून तीही आणून ठेवली, आणि भांड्यांच्या मागे दाराला टेकून उभी राहिले.

गौराक्का खाली बघत चालली होती. दारासमोरून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. उंबऱ्यावरची भांडी तिनं एकेक करून बघितली.

"हे पातेलं कुणाचं?" तिनं विचारलं.

"या घरचं."

"ह्या घराला रतीब नव्हता."

"आजपासून आहे."

"किती घालू?"

"आहे तेवढं."

"येड लागलंय व्हय? एकट्या बाईला एवढं दूध? करणार काय त्याचं?"

"दही लावीन."

"विरजण हाय?"

"नाही."

तिनं किटली खाली ठेवली. ताटली उचलून पातेल्यात बघितलं, बोटानं आतून पुसून बघितलं आणि भरलं. मग कुकर, मग कळशी. प्रत्येक मापावर थोडं वर ओतत होती, गिऱ्हाइकाला ओततात तसं. शेवटी तिनं पदराखालून ती वाटी काढली. गल्लीत दाखवायला नेली होती ती. दाखवायला कुणी भेटलं नव्हतं, म्हणून जशीच्या तशी होती. चमच्यानं त्यातलं दही तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.

"कोमट दुधाला लावा. गरमाला न्हाई."

"बसा ना आक्का. चहा करते. दुधाचा."

"उद्या. म्हशीला वैरण घालायची हाय." ती पाठमोरी झाली आणि वळून म्हणाली, "पातेलं घासून ठेवत जावा. मी न घासल्यालं घेत न्हाई."

ती निघाली. दोन पावलांवर माप किटलीला आपटलं. मला वाटलं, ती आता किटली पोटाशी धरेल. तिनं धरली नाही. हात लांब करून, सगळ्या गल्लीला ऐकू जावी अशी झुलवत ती किटली नेत होती. मी तळहातावरचं दही सांभाळत दारात उभी होते. वळणाआड ती दिसेनाशी झाली, तरी ठणठण बराच वेळ ऐकू येत होती.